नूपुर म्हणतो

रविवार, ४ जानेवारी २०२६

आज पुन्हा नूपुरचं "मी येतो"! तीन वर्षं घासतोय, तरी तेच.

सकाळच्या मराठीच्या वर्गाला तिघंच होती. आमची नात नूपुर, वरच्या मजल्यावरची सानिका आणि तिचा धाकटा भाऊ अमेय. या इमारतीत मराठी घरंच दोन, त्यामुळे पटसंख्या याहून वाढायची नाही. जेवणाच्या टेबलाभोवती वर्ग, भिंतीला टेकवलेला पांढरा फळा, आणि मी.

"येतो"चं कारण मी मनाशी ठरवून टाकलं होतं — बंगाली. पोरं शाळेत, खाली अंगणात दिवसभर बंगाली बोलतात आणि बंगालीत क्रियापदाला बाई-पुरुष नाही. "आमि आसछि", म्हणजे मी येतोय किंवा येतेय, आई म्हणो की बाप म्हणो, सारखंच. "तो" आणि "ती" मिळून एकच शब्द — "ओ". तेव्हा अकरा वर्षांची पोर घरी येऊन "येतो" म्हणाली तर दोष इथल्या हवेचा. माझा मुलगा अजेय बँकेतून दमून येतो, ऐकून हसतो. सून ऋता "येते म्हण, येते" एवढं म्हणून पुढच्या कामाला लागते. सुधारायचं काम माझ्याकडे. बायको, वृंदा, गेल्यावर मिरजेचं घर बंद करून इथे बंगालमध्ये मुलाकडे आलो, तेव्हापासून याच एका नोकरीवर आहे!

आज म्हटलं, सोक्षमोक्ष लावू. गाळलेल्या जागा दिल्या. आई बाजारात —. बाबा ऑफिसला —. सानिका सायकलवर —. वासरू गाईमागे —. मी शाळेत —.

नूपुरचा कागद तपासला. आई जाते. बाबा जातात. सानिका जाते. वासरू जातं — वासरूसुद्धा बरोबर! सानिकाचं तेच चुकलं होतं. आणि मग: मी शाळेत जातो. मी दूध पितो. मी चित्र काढतो.

चूक फक्त "मी"पाशी.

छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. कच्चा माणूस सगळीकडे चुकतो. ज्याची रेघ नऊ ठिकाणी केसभर हलत नाही आणि दहाव्या ठिकाणी दर वेळी त्याच बाजूला जाते, त्याची ती चूक नसते. तिथे जमिनीत काहीतरी असतं. आपण पाहिलेलं नसतं, एवढंच.

लाल पेन उघडलं होतं. बंद केलं.

सोमवार, ५ जानेवारी

गारठा आहे, गुडघे बोलतायत. नूपुरने शाळेला निघताना दारातून हाक दिली, "आजोबा, येतो!" आज पहिल्यांदा ऐकलं. कानावर तर रोजच पडत होतं.

बुधवार, ७ जानेवारी

लिहू कसं कळत नाही. पण आजच लिहिलं पाहिजे, जसंच्या तसं.

शाळेची बस नाक्यावर सोडते. तिथून मी तिला घेऊन येतो. थंडीचे दिवस, खजुराच्या नव्या गुळाचे संदेश आलेत, म्हणून मिठाईवाल्याकडे थांबलो. द्रोण हातात घेऊन बाकावर बसलो. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "नूपुर, सगळी वाक्यं बरोबर लिहितेस आणि 'मी'लाच कशी अडखळतेस गं?"

"अडखळत नाही."

"मग?"

खाणं थांबलं. खाली मान. मग हळू आवाजात, पण एकेक शब्द निवडून — "आजोबा, शाळेत मी नुसता 'आमि' असतो. तिथे कुणी विचारत नाही. मराठीत ना, दर वाक्यात सांगायला लागतं, मी कोण आहे ते. दर वाक्यात खोटं बोलायला मला नाही आवडत."

"खोटं कसलं?"

"मी मुलगा आहे. आतून."

ट्राम जाऊन आवाज थांबला की कान कसे रिकामे होतात, तसं झालं. मग मी मूर्खासारखा प्रश्न विचारला. म्हातारा माणूस दुसरं काय करणार! म्हटलं, "तुला मारामारीचे खेळ, क्रिकेट, असलं आवडतं म्हणून वाटतं का तसं?"

नूपुर हसली. चक्क हसली! "क्रिकेट सानिका खेळते. आणि ती किती मुलगी आहे! मला क्रिकेट बोअर होतं. मला रांगोळी आवडते. तुम्हाला स्वयंपाक येतो, मग तुम्ही काय आजी झालात?"

"नाही."

"मग! आवडतं काय ते वेगळं. आहे कोण ते वेगळं."

हातात अर्धा संदेश, ओठाला गूळ लागलेला. मी बहात्तर वर्षांत ही दोन वाक्यं एकमेकांपासून सुटी केली नव्हती. मुलगी म्हणजे अमुक आवडणारी, मुलगा म्हणजे तमुक करणारा — सगळा एकच गोळा होता डोक्यात. या पोरीने बोटाने दोन भाग करून समोर ठेवले.

मी आणखी एक विचारलं. "केव्हापासून वाटतं असं?"

"वाटत नाही, आजोबा. तुम्हाला काय वाटतं का, की तुम्ही पुरुष आहात? तुम्ही असताच ना."

मग बजावलं, "आईबाबांना मी सांगणार. तुम्ही नाही सांगायचं. माझं वाक्य अजून जुळत नाहीये."

हो म्हटलं. उठताना मला हात दिला. आधार कोण कोणाला देत होतं, देव जाणे!

शुक्रवार, ९ जानेवारी

वर बुधवारी "हसली" लिहिलंय. तिथेच पेन अडलं होतं. ही वही कुणी वाचत नाही, तरी अडलं. पोराच्या जिभेचं रोज काय होत असेल!

रविवार, ११ जानेवारी

एका दिवसात सगळं आलं. क्रमाने लिहितो.

सकाळी वर्ग. जुन्या बालवाचनातलं चित्र काढलं होतं — आई चुलीपाशी, बाबा पिशवी घेऊन ऑफिसला, ताई झाडू मारतेय, दादा पतंग उडवतोय. म्हटलं, यावर पाच वाक्यं बोला.

सानिका बघत राहिली. "आजोबा, हे कोणाचं घर आहे? आमच्याकडे मासे बाबा करतात. आईला काटे साफ करता येत नाहीत."

अमेय नऊ वर्षांचा. तो म्हणाला, "दादाने झाडू मारला तर पतंग कापला जातो का?" आणि एकदम डावा हात टेबलाखाली घेतला. मी म्हटलं, काय लपवतोस? करंगळीच्या नखाला निळा रंग. सानिकाच्या बाटलीतला. शाळेत पोरं "मुलीसारखा, मुलीसारखा" म्हणून ओरडली, म्हणून बाकीची नऊ नखं खरवडली. एक तेवढं ठेवलं, कारण — "मला निळा आवडतो ना पण!"

नूपुरने त्याचा हात वर घेतला आणि टेबलावर ठेवला. "ठेव असाच. रंग आहे तो. रंगाला काय माहीत, बोट कोणाचं आहे!"

मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. शिकवायला कोण बसलंय आणि शिकायला कोण!

मग वाक्यं सुरू झाली. नूपुरची पाळी आली. "मी पतंग उडवतो. मी रांगोळी काढतो." सवयीने माझा हात वर गेला, आणि मी तो खाली आणला. सानिकाने लगेच पकडलं. "आजोबा, आज नूपुरची चूक नाही काढली?"

मी उत्तर शोधत होतो तोवर नूपुरच बोलून गेला. हो, गेला. इथून पुढे असंच लिहिणार. "चूक नाहीये. मी मुलगा आहे."

 मग अमेय: "खरंच?" "खरंच." "आधीपासून?" "आधीपासून." "मग तुला दादा म्हणायचं का?" "म्हण ना." "नूपुरदादा." त्याने एकदा म्हणून पाहिलं, जिभेवर नवीन गोळी फिरवावी तसं. सानिका म्हणाली, "नाव बदलणार?" नूपुर म्हणाला, "छे! नाव माझंच आहे." आणि सानिकाने पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

दोन मिनिटं! कुठे काही पडलं नाही, फुटलं नाही. मी खुर्चीत बसलो. लहानपणी कृष्णेला पूर आला की घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून नुसतं बघत राहायचो, तसं वाटत होतं.

हे सकाळचं. संध्याकाळी सानिकाच्या आईचा, चैत्रालीचा, ऋताला फोन आला. वाईट हेतू नव्हता तिचा, अमेय जेवताना "नूपुरदादा" म्हणाला, तेव्हा तिने काळजीने विचारलं. ऋता फोन ठेवून आली. चेहरा पांढरा. अजेयने टीव्ही बंद केला. नूपुरला बोलावलं.

पोर आलं. जुळवलेलं वाक्य घेऊन आलं होतं, दिसत होतं मला. "आई, बाबा, मला तुम्हाला सांगायचं होतं की मी —"

"पुरे," अजेय म्हणाला. "हे सगळं मोबाइलवर बघतेस आणि इथे येऊन बोलतेस. खोलीत जा."

वाक्य तिथेच राहिलं.

मग माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"बुधवारपासून."

"आणि तुम्ही तिच्या बोलण्याला मान डोलावलीत! वरच्यांच्या मुलांसमोर! वर्ग बंद करा, बाबा."

ऋता खोलीच्या बंद दाराकडे बघत होती.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला. नूपुर म्हणाला, "थँक यू." घरात मराठी बंद केलीय त्याने. आईशी इंग्रजी, कामवाल्या मिनतीदीशी बंगाली, बाबांशी काहीच नाही. रागाने नाही, उद्धटपणे नाही. ज्या भाषेत खोटं बोलावं लागतं, तीच नको — एवढंच.

तीन दिवसांत मला कळलं, घरात मराठी किती होती.

शनिवार, १७ जानेवारी

अजेयशी बोलणं झालं. बाल्कनीत, सकाळच्या चहाला. आपण होऊन आला. पेपर उलटा धरला होता, लक्षात आलं नाही त्याच्या.

मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "बाबा, मी दुष्ट नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"सहा वर्षं झाली इथे. आता कधीही बदलीची ऑर्डर येईल. नवीन गाव, नवीन शाळा. पुन्हा चार वर्षांनी तेच. दर ठिकाणी तिला नव्याने सगळं सोसायचं. मी तिला कुठे कुठे पुरणार? एस्प्लनेडला ब्रांचमध्ये बसतो ना, तेव्हा समोर कस्टमर असतो आणि मला दिसत असतं — कुठल्या तरी शाळेच्या मैदानात ती एकटी उभी आहे आणि भोवती पोरांचा घोळका. हेच दिसतं."

मला वाटलं होतं, हा लोकांना भितोय. हा पोरासाठी भितोय! किती वेगळी गोष्ट.

मी म्हटलं, "मैदानात पोर एकटं उभं आहे, ते बाहेरच्यांमुळे. घरातही एकटंच उभं राहावं का?"

तो पेपर सुलटा करून आत गेला.

बुधवार, २१ जानेवारी

परवा सरस्वती पूजा. इमारतीच्या अंगणात मांडव उभा राहिला. त्या दिवशी इथल्या पोरी पहिल्यांदा साडी नेसतात, पिवळी. मुलगे झब्बा घालतात. ऋताने महिन्यापूर्वीच हौसेने साडी आणून ठेवलीय. आज इस्त्री करून खुर्चीवर ठेवली. नूपुर खुर्चीला वळसा घालून जातो.

शुक्रवार, २३ जानेवारी

आजचा दिवस मला पुरता लिहिता आला तर बरं.

सकाळी सात. मांडवात ढाक, इथला मोठा ढोल, वाजायला लागला. पुष्पांजलीपर्यंत पोरांना खायचं नसतं, तेव्हा सगळी इमारत उपाशी आणि पिवळी. ऋता नूपुरला साडी नेसवत होती. दार उघडं होतं, मी बाहेर पेपर घेऊन. अजेय बूट शोधत इकडून तिकडे.

नूपुर रडला नाही. विरोध केला नाही. आरशासमोर हात थोडे लांब धरून उभा, दुकानातल्या पुतळ्यासारखा. डोळे आरशात, पण स्वतःकडे नाहीत. ऋता निऱ्या काढत होती, पिना टोचत होती, तोंडात दोन पिना. वर पाहिलं तिने. "टोचलं का?"

"ना," नूपुर बंगालीत म्हणाला.

ऋता तशीच थांबली. गुडघ्यावर बसलेली, निऱ्या हातात. किती वेळ, सांगता येत नाही; ढाकाचा एक तुकडा संपून दुसरा सुरू झाला. मग तिने तोंडातल्या दोन पिना काढून खाली ठेवल्या. खांद्यावरची पिन काढली. कमरेची काढली. एकेक करून सगळ्या. साडी गळून पायाशी पडली. तिने ती उचलली, घडी घातली — आधी घडी घातली नीट! — आणि कपाटातून अजेयचा हळदी रंगाचा झब्बा काढला. नूपुरच्या डोक्यातून घातला. गुडघ्याखाली आला. बाह्या चार वेळा दुमडल्या.

"मोठा होतोय," ती म्हणाली. "पण होईल."

नूपुरने आरशात पाहिलं. या वेळी स्वतःकडे.

मी बहात्तर वर्षांत बाळंतिणी पाहिल्या, बारशी पाहिली, पोरं जन्माला आलेली पाहिली. आज सकाळी साडेसातला पुन्हा एक पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी आलं — जे अकरा वर्षं घरातच होतं!

अजेय दारात उभा. एक बूट हातात. नूपुर त्याच्या बाजूने निघून खाली गेला, झब्बा सावरत. आम्ही मागून.

मांडवात तळमजल्यावरच्या माशीमा, सगळ्या इमारतीच्या मावशी, फुलं वाटत होत्या. ऐंशीच्या असतील. त्यांनी नूपुरची हनुवटी धरली. "बाः! की सुंदर लागछे!" किती छान दिसतंय! बस. हातात फुलं दिली, पुढच्या पोराकडे वळल्या. सानिका साडीत, पदर खोचून अंगणात पळत होती. अमेय आला, झब्ब्याच्या बाह्या निरखल्या, "नूपुरदादा, माझ्या शेजारी उभा राहा."

अजेय हे सगळं बघत होता. मी त्याला बघत होतो. त्याच्या डोळ्यांतलं ते शाळेचं मैदान, तो घोळका — समोर घोळका होताच की! पिवळा, उपाशी, गलबलाट करणारा. आणि मधोमध त्याचं पोर, फुलं सांभाळत.

भटजींनी मंत्र सांगायला सुरुवात केली. नूपुर मागे रेंगाळला होता, चपलांपाशी. तेव्हा अजेयने हाक मारली. आवाज नीट फुटला नाही पहिल्यांदा. खाकरला. मग —

"नूपुर! चल रे, लवकर!"

रे!

अकरा वर्षं "गं" होतं. ऋताने माझा हात घट्ट धरला, तिला कळलंही नाही सासऱ्याचा हात धरलाय.

आणि तिकडून, बारा दिवसांनी, मराठीत उत्तर आलं —

"आलो, बाबा!"

मी मंत्र म्हटले नाहीत. फुलं वाहिली तेवढी.

शनिवार, २४ जानेवारी

अजेयने नूपुरला शेजारी बसवून सांगितलं, "त्या दिवशी तुझं वाक्य मी तोडलं. आता पुरं कर." नूपुर म्हणाला, "आता गरज नाही." मग थोड्या वेळाने, "बरं, करतो." आणि केलं. खूप मोठं होतं ते वाक्य. अजेय मधे एकदाही बोलला नाही.

ऋताने मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. मानसोपचाराच्या. "त्याला दुरुस्त करायला नाही," मला म्हणाली, "आपण तिघांनी शिकायला."

भीती गेलेली नाही कुणाची. पण भीती आता चौघांत वाटून घेतलीय.

रविवार, २५ जानेवारी

वर्ग पुन्हा सुरू. पण वर्गाचं नंतर. आज दुसरं लिहायचं आहे. ते या वहीत कुठे नाही. आधीच्या वह्यांतही नाही. ते टाळूनच वह्या भरल्या.

मला एक धाकटी बहीण होती. प्रेमलता. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अजेयला माहीत आहे ते असं — आत्या लहानपणी तापाने गेली. वृंदालाही लग्नाआधी हेच सांगितलं होतं. ती हेच खरं धरून गेली.

प्रेमलता तापाने गेली नाही.

मे १९८१. मिरज. मी सत्तावीस, सरकारी नोकरी, घरात शब्दाला वजन. ती एकवीस. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो दोघं. ती म्हणाली, "दत्तू, तू शिकलेला आहेस, तुला कळेल म्हणून तुलाच सांगते. मी मुलगी नाही रे. कधीच नव्हते." हेच. जवळजवळ याच शब्दांत. पंचेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी मला एकच वाक्य विश्वासाने दिलं.

मी जिना उतरलो आणि आप्पांना, आमच्या वडिलांना, सांगितलं. अमेयला समजून घ्यायला दोन मिनिटं लागली. मला घात करायला तेवढीही लागली नाहीत.

आप्पांनी मागच्या खोलीत कोंडलं. रेडिओ उघडून दुरुस्त करू दिला म्हणून हे झालं, म्हणाले. रेडिओ फोडला. स्थळ ठरवलं. नवव्या दिवशी खोली रिकामी. मी एसटी स्टँडवर गेलो शोधायला, सगळ्यांआधी. दिसली. केस कापलेले, माझाच पांढरा शर्ट. तिने मला पाहिलं, मी तिला. मी हाक मारली नाही. गाडी सुटली. मनात काय आलं ते आज लिहितो — सुटलो. हे आलं.

वर्षाने बेळगावहून कार्ड आलं. "इथे मोटार वायंडिंगच्या दुकानात लागलो आहे. ठीक आहे. काळजी करू नकोस. तुझा, शरद." मी ते बंबात घातलं.

वर "ती" लिहिलंय. खोडत नाही. मी काय केलं ते त्या शब्दात आहे. पण यापुढे — तो. माझा भाऊ.

सोमवार, २६ जानेवारी

सगळ्यांना सुट्टी. जेवणं झाल्यावर सांगितलं. सगळं. जिनासुद्धा, बंबसुद्धा. नूपुरपासून लपवलं नाही. त्यानेच तर मला शिकवलं.

अजेय एवढंच म्हणाला, "बाबा. पंचेचाळीस वर्षं?" आणि उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. शेवटी ठेवला.

मला वाटलं होतं, नूपुर आता माझ्याकडे बघणार नाही. त्याने नीट बघितलं, बराच वेळ. मग विचारलं, "ते जिवंत आहेत?"

"माहीत नाही."

"मग विचारा ना, आजोबा!"

दुपारीच मावसभावाला फोन केला, अविनाशला, मिरजेत. तो शांतपणे म्हणाला, "आहे की नंबर. दर दिवाळीला बोलतो आम्ही. तू कधी विचारलंच नाहीस, दत्ता."

नूपुरने आकडे मोठे करून लिहून दिले, मला चष्म्याशिवाय दिसतील असे. आज हात उचलला नाही. उद्याही उचलेल असं वाटत नाही.

बुधवार, २८ जानेवारी

सकाळी अकराला फोन लावला. पलीकडे बाईचा आवाज, तिशी-पस्तिशीचा, हसरा. "बाबा आत्ताच दुकानात गेलेत, बोलावते हं. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

बाबा!

 ती थांबली होती. मी म्हटलं, "मी तुझा काका."